अर्धपोटी बॅटरी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊस, द्राक्ष, कांदा, टोमॅटो आणि बिबट्या ही नावं आता एका दमात घेतली जातात. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचं पाणी शिवारात खेळू लागलं, कोरडवाहू रानं बागायती झाली, ऊस वाढला आणि उसाच्या दाट आडोशाला बिबट्याने बस्तान बसवलं. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र उभं राहिलं, पिंजरे लागले, आणि घराघरांत गोठ्याचं दार संध्याकाळीच लावायची सवय पडली. रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. एका रात्रीत भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं करून ठेवतात. यावर उपाय म्हणून गोठ्याभोवती, मळ्यातल्या घराभोवती, पिकाच्या बांधावर जी तार दिसते ती 'झटका मशीन'ची. खांबाला टांगलेली एक पेटी, तिच्यात टक-टक करणारं मशीन, खाली बॅटरी आणि वर देवघरातल्या पाटाएवढं सौर पॅनल. तार किती पदरी, झटका किती हजार व्होल्टचा, पॅनल कोणत्या कंपनीचं, यावर पारावर भरपूर बोललं जातं. बॅटरीबद्दल मात्र ती बंद पडल्यावरच बोलतात. प्रत्यक्षात या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा बॅटरीच आहे. ती फार काम केल्याने मरत नाही, दिवसेंदिवस अर्धपोटी राहिल्याने मरते. तिला पोटभर ठेवायला छोटं पॅनल पुरतं. फक्त ते किती छोटं असावं, हे चैत्राच्या उन्हावर ठरवायचं नसतं, श्रावणाच्या ढगावर ठरवायचं असतं.

आधी मशीनची भूक किती ते पाहू. झटका मशीन बॅटरीतली वीज थोडी-थोडी घेऊन आतल्या कपॅसिटरमध्ये साठवतं आणि साधारण सेकंदाला एकदा ती ट्रान्सफॉर्मरमधून तारेत सोडतं. तारेवरचा दाब पाच ते दहा हजार व्होल्टपर्यंत जातो, पण तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. दोन ठोक्यांमध्ये मोकळा वेळ असल्याने जनावराचे स्नायू सुटतात, ते दचकतं आणि मागे सरकतं. एका ठोक्यातली ऊर्जा छोट्या मशीनमध्ये एक ज्यूलच्या आसपास असते. एक किलोची वस्तू दहा सेंटिमीटर उचलायला जेवढी लागते, तेवढीच. म्हणजे व्होल्ट भयंकर, पण खर्च किरकोळ. मशीनमधली गळती धरून हे काम सुमारे २.४ वॅटमध्ये होतं. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ०.२ अँपिअर. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालवलं तर रात्रीचा खर्च २.४ अँपिअर-तास. थेट लाइनचा आकडा तारेवर टाकणं ही गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे प्रवाह थांबत नाही, हात तारेला आवळला जातो आणि सुटत नाही. अशा तारेने जनावरं मरतात, बांधावरून जाणारी माणसंही मरतात, आणि तो गुन्हा आहे. बॅटरीवरच्या मशीनची सारी सुरक्षितता त्या टक-टकमध्ये आहे.

आता बॅटरीच्या पोटात जाऊ. गॅस्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये शिशाची बॅटरी बनवली, आणि आज ट्रॅक्टरमध्ये, घरच्या इन्व्हर्टरखाली किंवा झटका मशीनच्या पेटीत जी असते ती त्याच कुळातली आहे. शिशाच्या प्लेटा आणि गंधकाचं पातळ आम्ल, एवढाच संसार. वीज खर्च होते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेटचा बारीक थर बसतो आणि आम्ल पाणीदार होतं. चार्जिंग केलं की थर विरघळतो आणि आम्ल पुन्हा तिखट होतं. हा थर ताजा असताना मऊ आणि आज्ञाधारक असतो. तो तसाच राहू दिला तर बारीक कण एकमेकांना धरून मोठे, कडक स्फटिक होतात. गुऱ्हाळावरची काकवी बरणीत ठेवून दिली की तळाला साखरेचे खडे धरतात. पहिल्या आठवड्यात ढवळले तर विरघळतात, सहा महिन्यांनी चमचा वाकतो पण खडा हलत नाही. बॅटरीचंही तसंच. कडक झालेला सल्फेट पुढच्या चार्जिंगला दाद देत नाही, प्लेटेचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो, आणि २६ अँपिअर-तासांची बॅटरी दोन पावसाळ्यांत १० ची होते. बाहेरून ती तशीच दिसते. व्होल्टमीटरही दुपारी १३ दाखवतो. रात्री बारा वाजता मात्र मशीन गप्प होतं, आणि दोष मशीनला दिला जातो.

शिडाची होडी हे काही डिंभ्याच्या पाण्यावरचं दृश्य नव्हे, पण या प्रश्नाचा सर्वांत जुना अनुभव होडीवाल्यांकडे आहे. शिडाच्या होडीला वारा फुकट मिळतो, इंजिन क्वचित चालतं, म्हणून इंजिनवर होणारं चार्जिंगही क्वचितच होतं. दिवे, रेडिओ आणि तळातलं पाणी उपसणारा पंप बॅटरीवर असतात, आणि होडी आठवडेच्या आठवडे धक्क्याला बांधून पडलेली असते. बॅटरी वापरात नसतानाही स्वतःहून थोडी रिकामी होत राहते. साध्या बॅटरीत महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून रोज ०.१७ अँपिअर-तास झिरपून जातात. छतावर वहीएवढं पाच वॅटचं पॅनल बसवलं तर चार तासांच्या उन्हात ते एक अँपिअर-तास आत टाकतं, झिरपण्याच्या सहापट. बॅटरी कायम भरलेली राहते आणि वर्षानुवर्षं टिकते. इवल्याशा पॅनलने असा कितीसा फरक पडणार, असं वाटेल त्याने व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह आठवावा. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या, दीड किलोहून कमी वजनाच्या या गोळ्यात दोन प्रक्षेपक होते. बॅटरीवरचा जूनमध्येच गप्प झाला. सहा छोट्या सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. थोडी पण रोज येणारी मिळकत एकदाच दिलेल्या मोठ्या शिदोरीपेक्षा लांब पुरते.

पण होडीचा दाखला जसाच्या तसा बांधावर आणता येत नाही, आणि गफलत नेमकी इथे होते. धक्क्याला बांधलेल्या होडीचा रोजचा खर्च जवळजवळ शून्य असतो. पॅनलला फक्त झिरप भरून काढायची असते. झटका मशीन रोज रात्री कामावर असतं. तेव्हा जमाखर्च मांडू. दहा वॅटचं पॅनल भर उन्हात सुमारे ०.५७ अँपिअर देतं, वीस वॅटचं १.१४. चैत्र-वैशाखात या भागात दिवसाला साडेसहा तास भर उन्हाइतकी ऊर्जा मिळते असं धरा आणि चार्जिंगमधली १५ टक्के तूट वजा करा. दहा वॅटचं पॅनल रोज ३.१ अँपिअर-तास जमा करतं आणि खर्च आहे २.४. उत्तम चाललं. आता जुलै-ऑगस्टमधलं मंचर, नारायणगाव, आळेफाटा घ्या. ढगांतून गाळून येणारा प्रकाश धरून दिवसाला साडेतीन तास मिळाले, तर तेच पॅनल १.७ जमा करतं, रोज ०.७ ची तूट. आणखी पश्चिमेला, आहुपे, भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूला गेलं, तर दिवसेंदिवस धुकं आणि पावसाची झड असते. तिथे दोनच तास धरले तर जमा जेमतेम एक, तूट १.४. अर्धी बॅटरी राखून ठेवायची म्हटली तर २६ अँपिअर-तासांपैकी १३ वापरता येतात. ते मंचरला अठरा रात्रींत संपतात, आहुप्याला नऊ रात्रींत. एकाच तालुक्याच्या दोन टोकांना एकाच पेटीचं नशीब निराळं. दुकानदार दाखवतो तेव्हा बहुधा कडक ऊन असतं, आणि उन्हात कोणतंही पॅनल पास होतं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : मोठी बॅटरी घ्या. ते पटण्यासारखं वाटतं. दुप्पट बॅटरी घेतली तर नऊ रात्रींच्या अठरा होतील हे खरंच. पण तूट आपल्या जागी राहते, ती फक्त पुढे ढकलली जाते. आणि खरा तोटा पाऊस उघडल्यावर कळतो. ऑक्टोबरमध्ये दिवसाला साडेपाच तास ऊन धरलं तर दहा वॅटचं पॅनल २.७ अँपिअर-तास देतं. रात्रीचा खर्च २.४ वजा जाता हाती शिल्लक ०.३. रिकामी झालेली १३ अँपिअर-तासांची जागा या शिलकीतून भरायला ४३ दिवस लागतात. बॅटरी दुप्पट असेल तर सत्त्याऐंशी. नवरात्र, दसरा, दिवाळी उलटून जाते आणि शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे निवांत बसत राहतात. तेच पॅनल वीस वॅटचं असतं तर ऑक्टोबरमध्ये रोजची शिल्लक २.९ झाली असती आणि बॅटरी पाच दिवसांत काठोकाठ भरली असती. पॅनल दुप्पट केलं तर भरण्याचा वेळ निम्मा होईल असा आपला अंदाज असतो, प्रत्यक्षात तो आठ-नवव्या हिश्शावर येतो; कारण रोजचा खर्च तेवढाच राहतो आणि वाढलेलं सगळं उत्पन्न शिलकीत पडतं. सावकाराचं व्याज आणि तुटपुंजी मिळकत यांचं नातं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे गणित वेगळं समजवावं लागत नाही. म्हणून पैसे वाढवायचे असतील तर ते आधी पॅनलवर वाढवावेत. या हिशोबाने पूर्व भागात वीस वॅट पुरतात. तिथे पावसाळ्यातही रोज ३.४ जमा होतात. घाटमाथ्याजवळ मात्र वीस वॅटलाही रोज अर्ध्या अँपिअर-तासाची तूट येते, तिथे चाळीस वॅट हवेत. दोन्ही मापं अजून छोटीच आहेत. चाळीस वॅटचं पॅनल एका माणसाला काखेत मारून नेता येतं.

हा हिशोब करताना खर्च वर्षभर सारखाच राहतो असं धरलं होतं. शिवारात तो तसा राहत नाही. पावसाळ्यात बांधावरचं गवत आठवड्यात वीतभर वाढतं आणि तारेला टेकतं. ओल्या पात्यापात्यातून थोडी-थोडी वीज जमिनीत उतरते आणि झटक्याचा जोर मरतो. तारेवर पाच हजार व्होल्ट हवे असताना दोन हजारही उरत नाहीत, आणि मग मशीन जोरावर लावून ठेवलं जातं; ते जास्त वीज खातं. म्हणजे मिळकत घटते त्याच महिन्यांत गळती वाढते. खालच्या तारेखालचं गवत दर पंधरवड्याला कापणं हा त्यामुळे बॅटरीच्याच निगेचा भाग ठरतो. गळती शोधायची एक सोपी युक्ती आहे : साधा रेडिओ मध्यम लहरींवर, कोणतंही केंद्र लागत नाही अशा जागी ठेवून तारेच्या कडेने चालत जायचं. जिथे ठिणगी उडते तिथे टक-टक मोठी ऐकू येते, कारण प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच असतो. खोडदला आकाशातले अतिक्षीण रेडिओ तरंग टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या परिसरात पसरलेल्या आहेत; तुटका इन्शुलेटर वेळेवर बदलणं हा तिच्याशीही शेजारधर्म आहे. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. बॅटरी भरलेली असते, तारेवर व्होल्ट पुरेसे असतात, तरी जनावराला झटका बसत नाही. झटक्याचं वर्तुळ तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईतून परत मशीनला, असं पूर्ण होतं. जमीन कोरडी ठणठणीत झाली की ते तुटतं. तेव्हा बॅटरी बदलण्यापूर्वी अर्थिंगच्या सळईशी दोन बादल्या पाणी ओतून पाहावं.

पॅनल कुठे बसवलं यावरही त्याची मिळकत ठरते, आणि ऊसवाल्या भागात हा प्रश्न खास आपला आहे. लागण झाली तेव्हा ऊस गुडघ्याएवढा असतो, कंबरेच्या उंचीवर पॅनल ठोकलं तरी चालतं. वर्षभरात तोच ऊस दहा-बारा फूट होतो. जुन्नर उत्तर अक्षांश १९ अंशांच्या थोडं वर आहे. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवरच, दक्षिणेकडे कललेला असतो. दहा फूट उसाची सावली तेव्हा ऐन दुपारी उत्तरेला नऊ फूट पडते, सकाळ-संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट. म्हणजे उत्तरेच्या बांधावर, उसाला खेटून लावलेलं पॅनल हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर सावलीत. आणि पॅनलवरच्या सावलीचा हिशोब सरळ नसतो. त्यातले ३६ घट एकाच माळेत जोडलेले असतात. एका घटावर पाचटाचं पान आडवं पडलं तरी साऱ्या माळेचा प्रवाह अडतो, एका बारीवर कचरा साठला की पाटाचं पुढचं सगळं पाणी अडतं तसा. म्हणून पॅनल दक्षिणेच्या बांधावर, उसापेक्षा उंच खांबावर, तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते २० अंशांचा, असं असावं. मेच्या मध्याला आणि जुलैअखेर सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो, त्यामुळे पावसाळ्यापुरतं सपाट पॅनलही चालेल असं कागदावर दिसतं. पण थोडा उतार असला की पावसाचं पाणी धूळ धुऊन नेतं आणि चिखलाचा थर बसत नाही. पाऊस नसलेल्या महिन्यांत पाचट पेटवल्याची काजळी आणि रस्त्याची धूळ ओल्या फडक्याने पुसणं, तेही सकाळी, काच तापण्यापूर्वी, इतकीच सेवा त्याला लागते.

दुसरी शंका कंट्रोलरची. पॅनल एवढं छोटं, मग मध्ये कंट्रोलर कशाला, दोन वायरी थेट बॅटरीला जोडल्या की झालं, असं पुष्कळ जण करतात. यात अर्धं तथ्य आहे. पॅनलचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या एक टक्क्याच्या आत असेल, जसं होडीवरच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला पाच वॅट, तर जादा चार्जिंगची भीती फारशी नसते. २६ च्या बॅटरीला वीस वॅट म्हणजे मात्र चार टक्क्यांहून अधिक. पॅनलचं मोकळं व्होल्टेज २१-२२ असतं; भरलेल्या बॅटरीला ते थेट भिडलं की आतलं पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात, आणि बंद पेटीत साठलेला हायड्रोजन ठिणगीची वाट पाहत राहतो. आपण पावसाळ्यासाठी पॅनल मुद्दाम मोठं घेतलं आहे, म्हणजे उन्हाळ्यात ते जास्त देणारच. ते जास्तीचं अडवणारा दारवान हवा. कंट्रोलर बॅटरीला १४.४ व्होल्टपर्यंत भरतो, मग १३.५ ते १३.८ वर आणून नुसता हात धरून ठेवतो, आणि रात्री बॅटरीतली वीज पॅनलमध्ये उलटी जाऊ देत नाही. आणखी एक काम त्याचं : बॅटरी फार उतरली की तो मशीन तोडतो. शेतकऱ्याला हे खटकतं, कारण झटका ऐन रात्री बंद पडतो. पण तो बंद पडणं हा निरोप आहे. कंट्रोलर काढून टाकणं म्हणजे निरोप्याला हाकलणं. तूट तशीच राहते आणि बॅटरी मात्र तळाला जाते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घरात लाइट आहे, साध्या चार्जरने बॅटरी भरता येते, मग हा सौर खटाटोप कशाला? घराला लागून गोठा असेल आणि वीज नियमित असेल, तर हे म्हणणं मान्य केलं पाहिजे. चांगला, आपोआप थांबणारा चार्जर पॅनलचंच काम स्वस्तात करतो. दोघांत वैर नाही. पावसाची झड लागली की महिन्यातून एक-दोनदा बॅटरी घरी आणून चार्जरवर पूर्ण भरणं, ही घाटमाथ्याकडच्या शेतकऱ्यासाठी पॅनल वाढवण्याइतकीच चांगली सोय आहे. पण मळा घरापासून लांब असतो, शेतीच्या फीडरला ठरावीक तासच वीज येते, आणि वादळात तारा तुटल्या की दुरुस्तीला वेळ जातो. बिबट्याच्या भीतीमुळे शेतीपंपाला दिवसा वीज द्या ही मागणी या तालुक्यांत वर्षानुवर्षं होते आहे. म्हणजे विजेची वेळ आणि रात्रीची सुरक्षितता यांचा संबंध इथे नवा नाही. कुंपणाला वीज लागते ती नेमकी अंधारात, पावसात, इतर सगळं बंद पडलेलं असताना. तिची भिस्त लाइटच्या वेळापत्रकावर ठेवून चालणार नाही.

चौथा आक्षेप लिथियमचा. आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या हलक्या बॅटऱ्या मिळतात, त्यांच्यात शिसंही नाही आणि सल्फेटही नाही. मग अर्धपोटी राहण्याची ही कहाणी जुनी झाली का? बॅटरीच्या आयुष्यापुरतं, हो. ही बॅटरी अर्धी भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही, वजन कमी, पाणी घालायला नको. पण रोजची तूट तिलाही चुकत नाही. नऊ रात्रींऐवजी चौदा रात्री चालेल, कारण तिची बरीच जास्त क्षमता वापरता येते; पंधराव्या रात्री तिच्या आतलं संरक्षक सर्किट तिला बंद करतंच. बॅटरीचं रसायन बदललं म्हणून ढगामागचा सूर्य बदलत नाही. शिवाय तिला तिचाच कंट्रोलर लागतो. शिशाच्या बॅटरीचा जुना कंट्रोलर तसाच ठेवून लिथियम जोडणं योग्य नव्हे. पैसे असतील तर जरूर घ्यावी, पण पॅनलचं माप तेवढंच ठेवून.

शेवटचा प्रश्न सर्वांत मूलभूत आहे. एवढं करून बिबट्या थांबतो का? तार ही भिंत नव्हे. बिबट्या उडी मारतो, झाडावरून उतरतो, आणि उघड्यावर झोपलेल्या माणसाला किंवा अंगणात खेळणाऱ्या पोराला कोणतंही मशीन पूर्ण हमी देत नाही. बंदिस्त गोठा, अंगणात दिवा, उसाकडे एकट्याने न जाणं, यांची जागा तार घेऊ शकत नाही. तारेकडे असतो तो धाक. जनावर एकदा नाकाने तार हुंगतं, झटका खातं आणि ती जागा लक्षात ठेवतं. हा धाक रोज जपावा लागतो. श्रावणात दहा रात्री तार मेलेली राहिली आणि रानडुक्कर तिच्याखालून निर्धास्त गेलं, की ते तारेला ओळखत नाही. पुढे बॅटरी भरली तरी तारेला सरावलेला कळप अंगाने रेटून आत घुसतो. म्हणून आठवड्यातले पाच दिवस जोरकस चालणाऱ्या कुंपणापेक्षा सातही दिवस मध्यम चालणारं कुंपण चांगलं. मानव-वन्यजीव संघर्षाच्या भागांत सौर कुंपणासाठी सरकारी अनुदान मिळतं, पेटी दारात येते आणि फोटो निघतो. त्या मदतीचा खरा उपयोग दुसऱ्या पावसाळ्यात ठरतो, आणि तो ठरवते ती बॅटरी. अनुदानाच्या यादीत मशीनच्या ज्यूलसोबत पॅनलचे वॅट तालुक्याच्या पावसाप्रमाणे लिहिले गेले, आहुप्याला आणि मंचरला एकच पेटी दिली गेली नाही, तर त्याच पैशात कितीतरी जास्त रात्री राखल्या जातील.

ज्याच्या बांधावर पेटी आधीच लागलेली आहे त्याने नवीन काही विकत घेण्यापूर्वी एक करावं. बाजारात काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टीमीटर घ्यावा. श्रावणात सलग आठ दिवस ढगाळ गेले की पहाटे, ऊन पडण्यापूर्वी, मशीन बंद करून अर्धा तास थांबावं आणि बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावावा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी पोटभर जेवते आहे, काही बदलू नका. १२.४ च्या खाली आला तर गवत कापा, काच पुसा, सावली पाहा, आणि तरीही वाढत नसेल तर पॅनल लहान आहे असं समजा. १२.२ म्हणजे निम्मी बॅटरी गेली. ती त्याच दिवशी घरी नेऊन चार्जरला लावा. ११.९ दिसला आणि तो बरेच दिवस तसाच असेल, तर प्लेटांवर खडे धरले आहेत, आणि ते आता कोणत्याही उन्हाने विरघळणार नाहीत.